काकांचा शब्दकोश आणि माझा बॅकअप

३ नोव्हेंबर, सोमवार
संकल्प : शिवरामकाकांच्या लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकणे. सगळं पुसून, कोरं करकरीत. बँकेत आयटीचं मीच बघतो (प्रिंटरचं), घरच्यांनाही उपयोग व्हायला हवा. सुरुची म्हणाली, चालतंय ना, मग कशाला हात लावतोस? बायकोला सिक्युरिटी कळत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
देव दीपावली. सगळी काशी घाटांवर, ब्रह्मा घाटाकडे पाय ठेवायला जागा नाही. काकांना फोनवर सांगितलं, आधी बॅकअप घेईन, निश्चिंत राहा.

८ नोव्हेंबर, शनिवार
काकांकडे गेलो. इंदूकाकू जाऊन वर्ष होत आलं. काका तिच्या बोलण्यातले शब्द जमवताहेत, आपल्या काशीच्या मराठीतले. 'अगोरणे', म्हणजे वाट बघणे. 'भिनसारे', म्हणजे पहाटे. कोऱ्या पानावर शब्द टाइप करतात, खाली लाल रेघ येते, राइट क्लिक, 'शब्दकोशात घाला'. मग पान सेव्ह न करताच बंद. म्हणाले, कोशात गेला, आता कागद कशाला? आठशेच्या वर झालेत म्हणे.
हा कोश नव्हे, नुसता स्पेलचेक आहे, हे सांगणार होतो. पण ते इतके खुशीत होते की राहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ११. होम फोल्डर उघडलं, सगळं सिलेक्ट, पेनड्राइव्हवर कॉपी. चार मिनिटं. काका म्हणाले, एवढ्यात झालं? म्हटलं, सराव आहे.

दुपारी ३. इन्स्टॉल उत्तम. फोटो आले, पत्रं आली. शब्दकोश रिकामा.

दुपारी ४. नेटवर वाचलं. हल्लीची ही ॲप्स सोवळ्यात असतात, कोणी कोणाला शिवत नाही. ज्याची सेटिंग्ज, ज्याचे शब्द, त्याच्याच खोलीत. या खोल्या ज्या फोल्डरात, त्याचं नाव टिंबाने सुरू होतं, आणि टिंबवाली फोल्डरं दिसत नाहीत. जे दिसतच नाही ते मी कसं कॉपी करणार? माझी चूक नाही. काकांना म्हटलं, अपडेट अडकलंय, लॅपटॉप घरी नेतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. कोणाच्या तरी मुंजीचा एक फोटो मिळाला, त्यात काकू अर्धी. सुरुची म्हणाली, खरं सांगून मोकळा हो. होणारच आहे. योग्य वेळ बघून. जेवण गेलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
काकांचा फोन. रोज एक तरी शब्द घालायचा नेम मोडला, म्हणून चुटपुट लागलीय त्यांना. मी म्हटलं, सर्व्हर डाउन आहे. लॅपटॉपला कसला आलाय सर्व्हर? एवढ्या सरळ माणसाशी खोटं बोललो. लाज वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार
लॅपटॉप परत नेला. दारातच सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. दारात चपला काढत बसलो, तोवर काकांनी 'अगोरणे' टाइप केलं. लाल रेघ. 'भिनसारे'. लाल रेघ. आणखी पाच-सहा. मग म्हणाले, सुमंत, हे यंत्र म्हणतंय, इंदू बोलायची ते सगळं चूक.
तेव्हा सांगितलं. सगळं, टिंबासकट.
रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, मला एकट्याला आता आठशे आठवायचे नाहीत, तुला येतील ते तू सांग. काकू तुला काय म्हणायची?
खूप ताण दिला, एकच आठवला, मी काही बिघडवून ठेवलं की म्हणायची तो. 'बकलोल'. टाइप केला. लाल रेघ. काका म्हणाले, घाल कोशात. घातला. विचारलं, या वेळी वेगळ्या फाइलीत अर्थही लिहून ठेवू का?
म्हणाले, या शब्दाला नको, उदाहरण समोर बसलंय.