लांब नाकाचा शिपाई

फुलचूर, १२ फेब्रुवारी २००६

बाबांना आता दिसत नाही, म्हणून रद्दीतून आणलेलं फ्रेंच विनोदी चित्रकथेचं पुस्तक त्यांना रोज वाचून दाखवते. वाचून कसलं, मला फ्रेंच कुठे येते? चित्रं पाहून मनाचंच सांगते.

आज कालच्याच पानावर त्यातला लांब नाकाचा शिपाई तलावात पडला, तर बाबा म्हणाले, "काल तं विहिरीत पडला होता."

तीस वर्षं गावच्या नाटकांत पडद्यामागून संवाद पुरवणारे प्रॉम्प्टर होते ते. त्यांच्यासमोर मी संवाद बदलले! खरं सांगून टाकलं.

"मले पहिल्याच दिवशी समजलं," म्हणाले. "वाचणारा मधात अडखळते. तू अडखळतच नाही."

मग इतके दिवस गप्प का? विचारलं नाही. शिपाई अजून पाण्यातच होता.

"काढ त्याले बाहेर," बाबा म्हणाले. "अडली तं मी आहो ना मागं."