चेंडूत हवा भरायचा पंप

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. (आधी साष्टांग लिहिलं होतं. पण महिनाभर कंबर धरली आहे, साष्टांग सोडाच, बुटाची नाडीसुद्धा तुझी भावजय बांधून देते. जे करणं जमत नाही ते कागदावर तरी कशाला करायचं, म्हणून खोडलं. खाडाखोडीबद्दल माफ कर.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? आमच्याकडे सगळं ठीक. 'सगळं' हा शब्द जरा जास्त झाला, पण पत्राच्या पहिल्या परिच्छेदात माणसानं ठीकच असायचं असतं.

पत्राचं कारण अगदी किरकोळ आहे. चेंडूत हवा भरायचा आमचा जुना पंप, लाकडी मुठीचा, तुमच्या घरी राहिला आहे. बारकीनं एका सुट्टीत सरावासाठी नेला होता. येत्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्या कोर्टावर शेवटचा सामना आहे आणि चेंडू पार बसले आहेत. तेवढा पंप कुणाबरोबर तरी पाठवलास तर फार बरं होईल.

शेवटचा म्हणजे माझाही शेवटचा. कॉलेजनं मुलींचा बास्केटबॉल संघ बंद केला. कोर्टाच्या जागी दुचाक्या लावायला शेड होणार आहे. प्राचार्य मॅडमनी बोलावून फार मायेनं सांगितलं, "सर, तुमच्या अनुभवाचा आम्हाला वेगळा उपयोग करून घ्यायचाय." तो उपयोग असा, की पुढच्या महिन्यापासून मी ओळखपत्र विभागात. मुलांना स्टुलावर बसवायचं, हनुवटी वर करायला सांगायची, फोटो काढायचा. हेडक्लार्क म्हणाला, "बरं झालं सर, आता तरी सावलीत बसाल. इतके काळे झालात, तुमच्याच ओळखपत्रावरचा फोटो ओळखू येत नाही." त्या दिवशी डायरीत 'वाईट वाटलं नाही' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यातलं 'नाही' खोडलं.

निरोपाच्या कार्यक्रमासाठी ऑफिसनं माझ्याकडूनच माझं 'जीवन आणि कारकीर्द' एका पानात लिहून मागितलं आहे. कालपासून बसलोय. बावीस वर्षांत तीन करंडक आले. त्यातला एक खिळखिळा आहे, तो उचलताना खालून धरावा लागतो. बाकी पान रिकामं. लिहायला घेतलं की दोनच गोष्टी आठवतात आणि दोन्ही समारंभात वाचण्यासारख्या नाहीत. म्हणून तुला लिहितो.

पहिली रेषेची. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात तू कोर्ट बघायला आला होतास. ऑफिसच्या कपड्यांत, पायांत चपला. फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिलास, डाव्या हातानं एक चेंडू टाकलास, तो जाळीत पडला आणि तू म्हणालास, "ही रेषा पुढं आलीय रे." मी म्हणालो, "दादा, मापून मारलीय." खरं तर मी मापली नव्हती. रंगाऱ्यानं मापली होती, स्वतःच्या पावलांनी, आणि त्याचे पाय लहान होते. पण माझ्या खिशात नेमणुकीचं पत्र होतं आणि तू खेळ सोडून सात वर्षं झाली होती. त्यानंतर नऊ वर्षं आमच्या मुली घरच्या कोर्टावर फ्री थ्रोच्या राण्या आणि बाहेर गेल्या की प्रत्येकीचा चेंडू रिंगच्या अलीकडे पडायचा. मी कारणं शोधली. प्रवासाचा शीण, परक्या गावचं पाणी, धीर कमी. मनगटाचे व्यायाम घेतले, एकदा तर प्राणायामसुद्धा. दहाव्या वर्षी शेवटी टेप लावली. रेषा दोन फूट पुढं होती. मी मुलींची माफी मागितली आणि आमच्या कोर्टावर खेळून गेलेल्या चौदा कॉलेजांना पत्रं लिहिली. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं : आपला प्रामाणिकपणा आवडला, परंतु आपण आमच्याशी कधी खेळला होतात ते आठवत नाही. पंधरावं पत्र तुला लिहायचं होतं. ते आज लिहितोय. रेषा पुढंच होती, दादा.

दुसरी गोष्ट तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून कधी ऐकली नाहीस. बारकी आमच्या कॉलेजात आली (हे नाव ठेवलं तेव्हा पोरगी पाच फूट दहा इंच होईल हे कुणाला ठाऊक होतं) आणि संघात निवडली गेली, तेव्हा मी तिला बजावलं, कोर्टावर मी काका नाही, सर. कुणी म्हणता कामा नये की पुतणीला खेळवतो. तिनं ते तीन वर्षं पाळलं, मी जरा जास्तच पाळलं. डायरीत बेरीज आहे : तीन वर्षांत तिला सामन्यात मिळालेली मिनिटं अकरा. जर्सीचा नंबरही अकराच, तुझाच. तिनं मागून घेतला होता.

मग तो अंतिम सामना. एका गुणानं आम्ही पुढं, चाळीस सेकंद उरलेली, आणि आमच्या सेंटरला खेळणाऱ्या उंच मुलीचा पाचवा फाउल झाला. ती बाहेर. समोरच्यांचे दोन्ही फ्री थ्रो व्हायच्या आधी मला बदली द्यायची होती. बारकी सांगायच्या आधीच ट्रॅकसूट उतरवून उभी राहिली. कॅप्टन कोर्टावरून ओरडली, "सर, बारकीला द्या, बारकीला." मी बारकीला हातानं 'बस' अशी खूण केली आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी पाठवली, जिनं तोवर एकही सामना खेळलेला नव्हता. समोरच्यांचे दोन्ही थ्रो चुकले. दुसऱ्याचा चेंडू उडून नेमका आमच्या या मुलीच्या हातात आला. बास्केटखाली चेंडू मिळाला की इकडेतिकडे न बघता वर टाकायचा, हे मीच तिला तीन महिने शिकवलं होतं. कोणत्या बास्केटखाली, हे सांगायचं राहून गेलं. तिनं टाकला, आमच्याच बास्केटमध्ये, अगदी स्वच्छ, आणि दोन्ही हात वर करून नाचली. सगळं मैदान हसत होतं. उरलेल्या सेकंदांत कुणाचाच चेंडू पडला नाही आणि आम्ही एका गुणानं हरलो.

बारकी हसली नाही, रडलीही नाही. आत जाऊन कपडे बदलून आली, जर्सीची नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "काका, धुवायला टाका." तीन वर्षांनी काका म्हणाली ती तेवढ्यासाठी. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस असं मी म्हणणार नाही. लग्नाकार्यात भेटलो की 'जेवलास का' विचारतोस. सहा वर्षांत चार वेळा विचारलंस. चारही वेळा मी 'हो' म्हणालो, त्यातल्या दोनदा जेवलो नव्हतो.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद लिहायचे असतात, पण तुमच्या घरात लहान एकच, आणि तिला माझे आशीर्वाद चालतील का ते ठाऊक नाही. म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र तुझ्या भावजयीनं वाचलं. म्हणाली, "पंप? मागच्या वर्षी नवा आणलात तो काय शोभेला ठेवलाय?" खरं आहे. नवा पंप आहे आणि चेंडू परवाच भरले आहेत. वरचं तेवढं खोडायला गेलो, तर लक्षात आलं की मग पत्राला काही कारणच उरत नाही.

आणखी एक ता. क. : रविवारचा सामना जुन्या मुली विरुद्ध आताच्या मुली असा आहे. जुन्यांपैकी चौघी येतात. त्या चौघींतच त्या दिवशीची ती मुलगीही आहे (आता ती नर्स आहे). फोनवर म्हणाली, "सर, या वेळी बास्केट आधी बोटानं दाखवा." पाचवं नाव मी लिहिलेलं नाही. अकरा नंबरची जर्सी धुतलेली आहे. दर वर्षी धुतो. बारकी आली तर पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत खेळेल. मी बाकावर नसेन, टेबलापाशी गुण लिहीत बसेन. तिनं माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही.

शेवटचा ता. क. : हेही लिहिलं नाही तर पत्र खोटं होईल. लोक काय म्हणतील म्हणून मी तिला बसवलं, असं सहा वर्षं सगळ्यांना सांगितलं, डायरीलाही. ते खरं नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना खेळ सोडून नोकरी धरलीस, म्हणून मी कॉलेजात गेलो, खेळलो, शिकलो, कोच झालो. आणि ती पोरगी पहिल्याच दिवशी डाव्या हातानं चेंडू टाकायला लागली. म्हातारा शिपाई बघून म्हणाला, "हुबेहूब तुमचा दादा. असा खेळ पुन्हा बघायला मिळेल वाटलं नव्हतं." मी तिथंच उभा होतो. त्या चाळीस सेकंदांत मी बाकाकडे पाहिलं तेव्हा ट्रॅकसूट उतरवून तू उभा होतास. मी तुला खाली बसवलं.

पंपाबद्दल. खोटं कारण पत्रात राहू नये म्हणून आज सकाळी नवा पंप पलीकडच्या शाळेला देऊन आलो. आल्यावर सगळ्या चेंडूंतली हवा सोडली. आता तुमच्या घरचा पंप आल्याशिवाय सामना सुरू व्हायचा नाही. जमलं तर तिच्याच हाती पाठव.