सात मात्रांची अडचण

गुरुवार, संध्याकाळ

आज ठरवायलाच हवं. रविवारी सातपूरला जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन. माझा जुना कॉम्प्युटर त्याच्या तीन किरट्या आवाजांत साथ करणार, आणि नणंद वसुधा गाणार. पण धून कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बांधू? लॅपटॉपवरचं नवं सोपं आहे, धून वायरीने थेट जुन्या कॉम्प्युटरला पाठवतं, कधी अडकत नाही. मात्र त्यात आवर्तन आठ मात्रांचंच होतं. माझी चाल रूपकातली, सात मात्रांची. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सात बसतात, पण ते दर वेळी टेपच्या कॅसेटवरून त्यात चढवावं लागतं आणि कॅसेट आज दोनदा अडकली. तिथे लोकांसमोर अडकली तर?

दुपारी वसुधा म्हणाली, "वहिनी, घाल की आठवी मात्रा. कुणाला कळतंय?"

"तुला कळेल."

"मी घेईन सांभाळून."

घेईलही. पण सगळं लक्ष त्या आठव्या मात्रेवर ठेवून गाईल. मग ते गाणं कसलं?

नाही. कॅसेटच. आत्ताच तिला फोन करून सांगितलं.

"आणि सुरूच झालं नाही तर?"

"तरी तू गायचं. मी हाताने ताल देईन."

"तू? चारचौघांत?" हसत सुटली.

बोलून बसले खरी. मघापासून मांडीवर सात मोजतेय. दर तिसऱ्या आवर्तनाला हात आठवर जातोय.