डावीकडचा मॉनिटर

सौ. सुनंदा विनायक ओळकर हिस,

तुझ्या नावामागे 'कै.' लिहिण्याचा सराव मला अद्याप झालेला नाही, क्षमा असावी. तुझा टायपिंगचा गाळा आज सायंकाळी मालकांच्या ताब्यात द्यावयाचा आहे. तत्पूर्वी माझ्या हातून घडलेल्या एका आगाऊपणाची कबुली तुझ्याच खुर्चीत बसून द्यावी, असे मनात आले.

तुझा डावीकडचा मॉनिटर मी देऊन टाकला.

एका माणसास दोन मॉनिटर कशाला, हा आपला जुना वाद. तू गेल्यावर महिन्याभरात मी तो जिंकलो आणि मॉनिटर संगमेश्वरला तुझ्या भावाकडे, प्रकाशकडे, रवाना केला. प्रतिपक्ष अनुपस्थित असताना जिंकणे किती सोपे असते!

तू मला समजावण्यात कधी कसूर केली होतीस? "पानात कोशिंबीर उजवीकडे पडली तर तुम्ही जेवायचे थांबता ना? मग माझंही तसंच. पत्रिका मध्ये, लोकांच्या दुरुस्त्या डावीकडे. ज्या विंडोची जी जागा, तिथेच ती उघडायची." त्यावर मी म्हणालो होतो, "दोन पाने मांडून कोणी जेवत नाही, सुनंदा." काय बिनतोड वाटले होते ते मला! तू फक्त म्हणालीस, "चहा निवतोय."

गेल्या सोमवारी मिरकरवाड्याच्या जयवंतीबाई आल्या. त्यांच्या मुलीची लग्नपत्रिका हे तुझे शेवटचे काम. आपल्या दुःखात कसे विचारावे म्हणून त्या इतके दिवस थांबल्या. आता लग्न तोंडावर आले.

"साहेब, वहिनीनं माझ्यादेखत केलान सगळं. सोयऱ्यांनी तीनदा नावं बदलली, तरी वैतागली नाय. आता दुसरीकडं जाऊन पयल्यापासून सांगू काय?"

मी संगणक सुरू केला. पत्रिका मधोमध उघडली. दुरुस्त्यांची विंडो मात्र दिसेना! खालच्या पट्टीवर तिचे चिन्ह उजळे, म्हणजे ती उघडलेली होती; पण होती कुठे? मी अकरा वेळा क्लिक केले. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. अखेरीस (हे मी तुलाच सांगत आहे) टेबल हातभर डावीकडे सरकवले.

"टेबल ढकलून काय होणार, साहेब? मासा जाळ्याभायेर हाय," जयवंतीबाई म्हणाल्या.

नाइलाजाने प्रकाशला फोन केला. तो आधी पोटभर हसला.

"भावोजी, ती बरोब्बर आपल्या जागी उघडलीय. डावीकडच्या मॉनिटरवर. तो इथे माझ्या टेबलावर आहे!"

खरेच होते. तू नेमून दिलेल्या जागी ती निमूटपणे जाऊन बसत होती. ती जागा उरली नाही, हे तिला कोणी कळवलेच नव्हते.

"खालच्या चिन्हावर क्लिक करा. मग ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबा, मग एम. आता उजवा बाण दाबून धरा. सोडू नका, भावोजी! ताईनंच शिकवलंय मला हे."

मी बाण दाबून धरला. बराच वेळ काहीही झाले नाही. मग डाव्या कडेतून विंडो बोट बोट आत येऊ लागली.

"आली हो, आली!" जयवंतीबाई ओरडल्या. मीही ओरडलो, असे त्यांचे म्हणणे आहे.

सर्व दुरुस्त्या होत्या. वराच्या आजीचे नाव, मुहूर्ताची वेळ, मामांचा मान. आणि सर्वांत खाली तुझी ओळ: 'छापायला देण्याआधी ह्यांची नजर. त्याशिवाय द्यायचे नाही.'

सुनंदा, तू वाचायला दिलेल्या प्रत्येक पत्रिकेवर मी कुरकुर केली. माझा वेळ जावा म्हणून तू ते कागद पुढे करतेस, अशी माझी समजूत होती. एकदा तरी स्पष्ट सांगायचे होतेस!

दुरुस्त्या घातल्यावर मी ती पत्रिका चार वेळा वाचली. एक स्वल्पविराम मला अनावश्यक वाटला. तो तसाच ठेवला. पत्रिका काल छापून आल्या. पहिली जयवंतीबाईंनी तुझ्या नावाने लिहून माझ्या हाती दिली.

यापुढे तुझी कोणतीही वस्तू, तिचे काम काय होते हे समजून घेतल्यावाचून, मी कोणास देणार नाही. तुझा संगणक घरी नेत आहे. त्यावरील एकही विंडो मी माझ्या सोयीने हलवणार नाही, हे वचन.

तुझा,
विनायक

ता. क. सायंकाळी पाच वाजता गाळ्याचे दार कुलूपबंद केले. दोन्ही किल्ल्या मालकांस परत केल्या.