क्यू असलेले शब्द

होसकोटे,
नोव्हेंबर १९६२

प्रिय आप्पा,

दर पत्रात मी 'तीर्थरूप' लिहिते. आज लिहिलं नाही, ते विसरून नव्हे. राग आलाय म्हणून.

परवा तुमच्या शेजारच्या रत्नाबाई भाचीच्या लग्नाला इथे आल्या होत्या. मल्लेश्वरमची खुशाली विचारली तर सहज म्हणाल्या, "धाकटी नयना होय? ती दसऱ्यापासून घरीच असते की. आप्पांना डिक्शनरी वाचून दाखवते." मी पंगतीत भातावर सारू वाढत होते. भांडं तिथेच ठेवलं आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. नयना नववीत आहे, आप्पा. मलाही तुम्ही नववीतूनच काढलंत.

तेव्हा तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता आणि मुंबईहून येणाऱ्या त्या इंग्रजी साप्ताहिकातल्या शब्दकोड्यांचा नाद काही सुटत नव्हता. कचेरीतून आलात की कोट न काढताच हाक मारायचात, "गोजरा, सात अक्षरी, बरोबर मध्ये क्यू, शेवटी टी." मी डिक्शनरी घेऊन जमिनीवर बसायची. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. बँक्वेट की रॅक्वेट यावरून आपण जेवणं होईपर्यंत भांडलो होतो. आई म्हणाली, बापलेकीनं आता शब्दच खा. मी बँक्वेटवर अडून बसले आणि तुम्ही तेच भरून पाठवलंत. बक्षिसाचा रेडिओ आला, साप्ताहिकात तुमचा फोटो छापून आला. गल्लीतले सगळे तुम्हाला बघायला आले. मी आत कॉफी करत होते. बँक्वेट म्हणजे काय, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. क्यू जागेवर बसला होता, तेवढं आपल्याला पुरे होतं.

पुढच्याच महिन्यात तुम्ही म्हणालात, "शाळेत काय वेगळं इंग्रजी शिकवणार आहेत? घरी बस, डिक्शनरी वाच, मास्तरणीपेक्षा हुशार होशील." मी विश्वास ठेवला. वडील सांगतात ते खरंच असणार.

मग ते कँटोन्मेंटातलं औषधांचं दुकान. तुम्हीच मला घेऊन गेला होतात. काउंटरवर मुलगी हवी होती. मालकीण म्हातारी, मायाळू होती. तिनं इंग्रजीत विचारलं, शाळा का सोडलीस? तिचा एकेक शब्द मला कळत होता. उत्तर मात्र जुळेना. शब्द नुसते गर्दी करून आले, एकालाही दुसऱ्याशेजारी उभं कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी "यस, यस" म्हणत राहिले. तिनं मला पाणी दिलं आणि मग मागच्या मुलीला पुढे बोलावलं. बाहेर येऊन मी रडत होते, तर तुम्ही काय म्हणालात आठवतं? "त्या बाईला क्यू असलेले दहा शब्द विचारायचे होतेस, तिलाच आले नसते." तुम्ही हसत होतात. मला हसवायलाच म्हणाला असाल. पण ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं त्याला किती वर्षं झाली? आईनं पायांवर डोकं ठेवलं. तुम्ही दर वेळी "स्वल्प थांबूया, दुसरा डोळा बरा आहे" म्हणत आलात. तुम्हाला सुरीची भीती वाटते, आप्पा. वाटू दे, कुणालाही वाटेल. पण तुमच्या भीतीपायी आधी माझे डोळे वापरलेत. माझं लग्न झाल्यावर आता नयनाचे. आणि गल्लीत सांगत फिरता की मुलीला घरीच इंग्रजी शिकवतो. हे ऐकून मला तुमची लाज वाटली. असं वडिलांना लिहू नये, माहीत आहे. लिहिलंय.

मी इथल्या शाळेत जाऊन हेडमिस्ट्रेसबाईंना भेटले. वर्ष वाया जाणार नाही म्हणाल्या. ह्यांनाही विचारलं. हे म्हणाले, "घर तिचंच आहे, येऊ दे." रविवारी सकाळच्या बसनं मी येते आहे, नयनाला न्यायला. हे सोबत आहेत. रात्री तिथेच राहू आणि सोमवारी हे तुम्हाला डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन जातील, तारीख ठरवली आहे. नाही म्हणालात तर तुमची मर्जी, पण नयना येणारच.

हे सगळं मी तोंडावर बोलले असते तर तुम्ही उठून बाहेर गेला असतात. म्हणून पत्र. आणि मुद्दाम मराठीतून, कारण गल्लीत कुणाला मराठी वाचता येत नाही आणि आईला अक्षरओळख नाही. तेव्हा हे पत्र तुम्हाला नयनाच वाचून दाखवत असणार. तर नयना, इथवर आलीस ना? गाळलं तर नाहीस काही? गाळलं असशील तर मागे जा आणि आप्पांना पुन्हा मोठ्यानं वाचून दाखव. मग उठ आणि तुझी पुस्तकं काढून ठेव. आप्पा रागावतील, रागावू देत. तू घाबरू नकोस. मी येतेय.

तुम्हा दोघांची,
गोजरा