सुनंदासाठी बसायला काहीतरी

५ जाने.
सावंगीच्या भंगारवाल्याकडून मशीनच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. हलक्या, पिवळट. सुनंदाला खुर्ची करायची. लकव्याचा झटका आल्यापासून उजवा हात गेला, बोलणं ‘हौ’ आणि ‘नाई’वर आलं. एवढी बोलकी बाई. असो.

७ जाने.
शेजारचे गजाननराव ड्रिल घेऊन आले. खुर्ची जोडली. पाठ उंच केली, डावीकडे हात टेकायला पट्टी. सु.ला बसवलं.
“नाई.”
“टोचते काय, वहिनी?”
“नाई.”
“मंग पाठ कमी करू?”
“नाई.”
गजाननराव माझ्याकडे पाहतात, मी त्यांच्याकडे. नेमकं पाहिजे काय हिला?

१० जाने.
उंची कमी केली. छान बसते. तरी ‘नाई’. चिडलो. “काऊन वं? सांग तरी!” मग माझंच मला वाईट वाटलं. सांगणार कशी? हातात खडू दिला. डाव्या हाताने फरशीवर एक रेघ. लांबच लांब, भिंतीपर्यंत.

११ जाने.
रेघेचं कोडं.
“बाज काय, वहिनी?” नाई. “टेबल?” नाई.
मी सहज रेघेच्या टोकाला जाऊन बसलो. “हौ!” केवढ्यानं!
बाक पाहिजे तर. पण माझ्यासाठी नाही, मला हातानेच उठवलं. मग कोणासाठी?

१४ जाने.
खुर्ची उकलली. पाठ तिच्या टोकाला ठेवली, बाकी मोकळी फळी. गजाननराव म्हणाले, “मधात पाय द्या, नाई तं फळी लचकन.” दिला. कडा सु.ने घासल्या, डाव्या हाताने, पॉलिश पेपरने. घामाघूम, पण सोडेना.

१६ जाने.
ठेवायचा कुठे? अंगणात नाई, पडवीत नाई. फाटकाबाहेर, लिंबाखाली. हौ.
दुपारभर बसली. बाया येता-जाता “बरं हाय ना काकू?” विचारतात, उत्तराआधीच पुढे. आता लक्षात येतं, झटका आल्यापासून घरी कोणी टेकलंच नाही. तिच्याशी काय बोलावं ते कळत नसेल त्यांना. मला वाटे, हिला आराम पाहिजे.

१८ जाने.
वंदना, गजाननरावांची सून, तुरीच्या शेंगा घेऊन बाकावर बसली. सोलता सोलता माहेरचं सांगू लागली. भाऊ आंजी गावातलं घर विकायचं म्हणते, आई नाई म्हणते...
सु.ने डाव्या हाताने एक शेंग उचलली. आणि म्हणाली, “मंग?”
मी फाटकाच्या आत. ऐकलं ते खरं की...
वंदनाला काहीच वाटलं नाही. “मंग काय काकू, आईनं किल्लीच लपवली!”

१९ जाने.
दुपारचे चार. सु. बाकावर. रस्त्याकडे पाहून राहिली. वंदना अजून आली नाही. बाजूची जागा माझ्यासाठी नाही, मी बाहेर गेलो नाही.