एकाच मजकुराची तीन पत्रे

अकोला, सोमवार, ७ नोव्हेंबर १९६६

पुढचा राष्ट्रपती कोण व्हावा? मला खरेच सांगता येत नाही. आमच्या आमदारसाहेबांना मात्र तीन-तीन उत्तरे येतात!

बाबांनीच पाठवले मला त्यांच्याकडे. मुलींच्या शाळेतल्या नोकरीसाठी त्यांची शिफारस हवी, आणि त्यांना इंग्रजी लिहिणारे कुणी हवे होते. अडकित्त्याने सुपारी कातरत त्यांनी राष्ट्रपतिपदाच्या एका इच्छुकाला लिहायचा मजकूर सांगितला: 'वऱ्हाडात आपल्याशिवाय दुसरे नाव नाही.' मी अगदी अभिमानाने लिहिले. मग म्हणाले, "आता हेच आनखी दोघायले लिह्य. नाव तेवढं बदलव."

"पण साहेब, मत कोणाला देणार?"

"पोरी, मत पक्ष सांगन त्याले. पन यातला कोनीतरी बसनच ना खुर्चीवर! त्याले आपली याद राह्यली पायजे."

दुसरे नाव नाही! हे वाक्य मी तीनदा लिहिले. शिसारी आली, त्यांची आणि माझ्या हाताचीही. घरात पहिली पदवीधर म्हणून बाबांनी गल्लीभर पेढे वाटले, ते यासाठी? पण नोकरी हातची गेली तर त्यांना काय सांगू...

शेवटी प्रत्येक पत्राच्या तळाशी, सरकारी कागदांवर असते तशी, एक ओळ घातली: 'प्रत माहितीसाठी', आणि पुढे उरलेल्या दोघांची नावे. त्यात एक अक्षर खोटे नाही. साहेबांनी न वाचताच सह्या ठोकल्या, सुपारी कातरणे चालूच होते. येताना तिन्ही पाकिटे मी स्टेशनाजवळच्या टपालपेटीत टाकली.